भांडाराला प्रश्न कसा विचारावा



जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाहून खोडदकडे जाणाऱ्या वाटसरूला शेतांच्या पलीकडे एक नवलाचें दृश्य दिसतें. तारेच्या जाळीच्या प्रचंड तबकड्या, एकेक ४५ मीटर व्यासाची, आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रानें प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं उभारलेली ही महाकाय रेडिओ दुर्बीण होय. अशा ३० तबकड्या तेथें आहेत; १४ मधल्या आवारांत दाटीनें, व १६ तीन बाहूंवर दूरदूर पसरलेल्या. सन २००२ पासून ती जगांतील संशोधकांस खुली झाली, आणि ती जें जें ऐकते त्याची नोंद होत असते.

दुर्बिणीचें कौतुक पुष्कळांनीं ऐकलें असेल. आजचा विषय तिच्यासारख्या यंत्रांच्या पाठीमागें साचत जाणारें नोंदींचें भांडार, आणि अशा भांडाराला प्रश्न विचारण्याची विद्या हा आहे. आकाशांतील घटना एकदां घडून गेली कीं गेली. तिची नोंद तेवढी मागें उरते. ऑस्ट्रेलियांतील पार्क्स येथील दुर्बिणीनें सन २००१ मध्यें टिपलेला, एका सेकंदाच्या कांहीं सहस्रांशांपुरताच टिकलेला एक विलक्षण रेडिओ-स्फोट सन २००७ मध्यें, म्हणजे सहा वर्षांनीं, डंकन लॉरिमर व त्यांचे सहकारी यांनीं प्रसिद्धीस आणला. आणि त्या एका जुन्या नोंदींतून खगोलशास्त्राची एक नवी शाखा निघाली. नोंद जपलेली होती व हातीं आली, म्हणून हें घडलें. नोंद जपलेली आहे, परंतु प्रश्न विचारण्यांत चूक झाल्यामुळें ती समोर येतच नाहीं, अशी स्थिति झाली तर ती असून नसल्यासारखीच. तेव्हां प्रश्न विचारण्याचें साधन निर्दोष असावें, ही कांहीं केवळ सोयीची गोष्ट नाहीं.

समजा, एखाद्या विद्यार्थ्यानें स्वतःच्या अभ्यासासाठीं निरीक्षणांची एक लहानशी सूची तयार करावयास घेतली. त्याच्या मनांत निरीक्षण ही एक अखंड वस्तु असते. तिला एक तारा किंवा दीर्घिका हें लक्ष्य आहे, एक लहरपट्टा आहे, कालावधि आहे, आणि तींत भाग घेतलेल्या तबकड्या आहेत. परंतु संगणकाच्या भांडारांत ती अशी अखंड राहात नाहीं. लक्ष्यांचा एक तक्ता, निरीक्षणांचा दुसरा, तबकड्यांचा तिसरा, व कोणत्या निरीक्षणांत कोणती तबकडी होती हें सांगणारा चौथा, अशी तिची वांटणी होते. हा प्रकार ग्रामीण महाराष्ट्राला मुळींच अपरिचित नाहीं. शेतकरी "माझी शेती" म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत एकच चित्र असतें. तलाठ्याच्या दप्तरांत मात्र तीच शेती गटागटाच्या सात-बारावर, खातेदाराच्या आठ-अ वर आणि फेरफाराच्या नोंदवहींत विखुरलेली असते. दोन्ही रूपें खरीं आहेत. एकांतून दुसऱ्यांत जाण्यास मध्यें जाणता माणूस लागतो, इतकेंच.

तक्त्यांची ही व्यवस्था एडगर कॉड यांनीं सन १९७० मध्यें शास्त्रशुद्ध रीतीनें मांडली. तिला प्रश्न विचारण्याची भाषा चेंबरलिन व बॉइस या दोघांनीं सन १९७४ मध्यें पुढें आणली. तीच आज एसक्यूएल या नांवानें चालते. उलट, विद्यार्थी ज्या भाषेंत आपला कार्यक्रम लिहितो ती पायथॉन भाषा सन १९९१ मध्यें गुइडो व्हान रॉसम यांनीं प्रसिद्ध केली. तिच्यांत सारा व्यवहार ऑब्जेक्ट म्हणजे वस्तु यांच्या रूपानें होतो. वस्तु आणि तक्ते यांच्यामध्यें बसून भाषांतर करणाऱ्या दुभाष्यास ओआरएम म्हणतात. सन २००५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जँगोमधील दुभाष्या आणि सन २००६ मधील एसक्यूएलअल्केमी हे पायथॉनचे दोन नामांकित दुभाषे होत. त्यांच्या अंगीं अनेक कामें असलीं, तरी सर्वांत नाजूक काम प्रश्नांच्या भाषांतराचें. तोच थर स्वतः बांधावयास घेतला म्हणजे त्यांतील खांचखळगे कळूं लागतात.

पहिला मोह सर्वांनाच होतो तो असा, कीं प्रश्नाचें वाक्य अक्षरें जोडून तयार करावें. "ज्या निरीक्षणाचें लक्ष्य अमुक आहे तें दे" या वाक्यांत अमुकच्या जागीं विद्यार्थ्यानें दिलेलें नांव चिकटविलें कीं काम झालें, असें वाटतें. दहा नांवांना तें चालतें. अकरावें नांव निघतें बर्नार्ड्स स्टार. इंग्रजींत त्या नांवांत एक अवतरण-चिन्ह आहे. आणि एसक्यूएल भाषेंत तेंच चिन्ह मजकूर संपल्याची खूण असतें! वाक्य मध्येंच तुटतें. येथें यंत्र निदान तक्रार करतें. परंतु कोणी दुष्ट बुद्धीनें नांवाच्या जागीं त्या चिन्हापुढें "आणि सर्व तक्ता पुसून टाक" अशा अर्थाची आज्ञा लिहून दिली, तर भांडार ती आज्ञा प्रश्नाचाच भाग समजून पाळूं शकतें. यावर उपाय साधा आहे. प्रश्न आणि त्यांत भरावयाचें मूल्य हीं भांडाराकडे वेगवेगळीं पाठवावीं. छापील अर्जाचा मजकूर निराळा व अर्जदारानें रकान्यांत लिहिलेलें नांव निराळें, तसेंच हें. रकान्यांत कांहींहि लिहिलें तरी अर्जाचा मजकूर बदलत नाहीं.

दुसरी पायरी अधिक रम्य आहे. "कालावधि दोन तासांहून अधिक" असें पायथॉनमध्यें लिहिलें, तर सामान्यतः खरें किंवा खोटें असें उत्तर येतें. परंतु पायथॉन भाषा वस्तूच्या कर्त्याला एक मुभा देते. "अधिक", "उणें", "समान" या चिन्हांचा अर्थ त्या वस्तूपुरता त्यानें स्वतः ठरवावा. मग दुभाष्या बांधणारा असें योजतो, कीं कालावधि या रकान्याची दोन तासांशीं तुलना झाली असतां खरें-खोटें न सांगतां, त्या तुलनेचीच एक नवी वस्तु निर्माण व्हावी. तिच्या पोटांत रकाना, चिन्ह आणि मूल्य हीं तिन्ही जपलेलीं असावीं. अशा अटी एकमेकींस जोडल्या कीं प्रश्नाचा एक वृक्ष तयार होतो, आणि शेवटीं त्या वृक्षावरून एसक्यूएलचें वाक्य लिहिलें जातें. प्रश्न हीच एक हातांत धरण्याजोगी वस्तु झाली! ती जपून ठेवतां येते, दुसऱ्याला देतां येते, तींत आणखी एक अट घालतां येते. आणि जोंवर उत्तराची गरज पडत नाहीं तोंवर भांडाराला यत्किंचितहि त्रास होत नाहीं.

मात्र याच सौंदर्याच्या पोटांत सर्वांत मोठा धोका लपलेला आहे. दोन अटी जोडावयाच्या असतां विद्यार्थ्याच्या हातून सहज पायथॉनमधील "अँड" हा शब्द लिहिला जातो. परंतु ज्यांचा अर्थ बदलण्याची मुभा आहे त्या चिन्हांत हा शब्द येत नाहीं. त्याचा धर्म ठरलेला आहे. तो पहिल्या अटीकडे पाहतो; ती रिकामी नसलेली एक वस्तु आहे म्हणून तिला खरी मानतो, आणि दुसरी अट तेवढी हातीं देतो. पहिली अट कोणालाहि न कळतां गळून पडते! "चौथा लहरपट्टा, आणि दोन तासांहून अधिक कालावधि" असा प्रश्न विचारावा, व उत्तर यावें दोन तासांहून अधिक चाललेल्या सगळ्याच निरीक्षणांचें. कोठें तांबडी खूण नाहीं, तक्रार नाहीं. उलट यादी लांबलचक असल्यामुळें विद्यार्थी संतुष्टच होतो. हाच प्रश्न नोंदी पुसण्यासाठीं असता तर काय झालें असतें, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून अटी जोडण्यास अँपरसँड हें चिन्ह योजतात. त्याचा अर्थ बदलतां येतो. पण त्यालाहि एक खोड आहे. पायथॉनमध्यें तें तुलनेच्या चिन्हांहून अधिक घट्ट बांधतें, त्यामुळें प्रत्येक अटीभोंवतीं कंस घातला नाहीं तर भलतीच जोडणी होते. मग भोळ्या विद्यार्थ्याचें रक्षण व्हावें कसें? एसक्यूएलअल्केमीनें यावर दिलेलें उत्तर मननीय आहे. अधिक-उणें अशा तुलनेच्या अटीला कोणीहि "तूं खरी कीं खोटी?" असें विचारलें कीं ती अट उत्तर देण्याचेंच नाकारते व तेथल्या तेथें चूक म्हणून काम थांबविते. अशा रकान्याच्या तुलनेपुढें "अँड" लिहिल्याबरोबर, किंवा कंस विसरल्याबरोबर, कार्यक्रम अडतो. विद्यार्थी क्षणभर चिडतो. पण त्याचें संशोधन वांचतें. दुभाष्याला एखादें वाक्य समजलें नाहीं तर त्यानें "समजलें नाहीं" असें म्हणावें. अंदाजानें बोलणारा दुभाष्या मुक्या दुभाष्याहून अधिक घातक होय.

तसाच फसवा प्रकार रिकाम्या रकान्याचा. कांहीं जुन्या नोंदींत लहरपट्टा लिहावयाचा राहिला आहे, असें समजा. "लहरपट्टा चौथा" अशीं निरीक्षणें मागितलीं. नंतर "लहरपट्टा चौथा नसलेलीं" मागितलीं. दोन्ही मिळून सर्व नोंदी आल्या असाव्या, असें सामान्य बुद्धि सांगते. तसें होत नाहीं. एसक्यूएलच्या तर्कांत रिकाम्या रकान्याची तुलना खरीहि नसते व खोटीहि नसते. ती अज्ञात असते, आणि अज्ञात नोंद दोन्ही याद्यांतून वगळली जाते. पायथॉनचा तर्क याच्या उलट आहे. तेथें रिकामें हें चारहून वेगळेंच ठरतें. दोन भाषांचे असे दोन न्याय असतां, मधल्या थरानें "रिकामें आहे काय" हा प्रश्न विचारण्याची वेगळी व स्पष्ट सोय ठेवावी, आणि हा भेद झांकून टाकूं नये. न लिहिलेल्या नोंदींतच एखादें मोलाचें निरीक्षण असूं शकेल.

आतां खर्चाचा विचार. प्रश्न उशिरा पाठविण्याची युक्ति चांगली. पण ती बेसावध माणसाला महागांतहि पाडते. शंभर निरीक्षणांची यादी एका खेपेंत आली. मग प्रत्येकाचें लक्ष्य कोणतें हें विद्यार्थी एकेकाला विचारूं लागला, कीं दुभाष्या निमूटपणें प्रत्येक वेळीं भांडाराकडे धांवतो. एकूण १०१ खेपा! आंबेगांव तालुक्याच्या पश्चिम डोंगरांतील माणसानें शंभर कागदांसाठीं घोडेगांवच्या कचेरीच्या शंभर वेगळ्या वाऱ्या कराव्या, त्यांतलाच हा प्रकार. शहाणा माणूस यादी करून एकदांच जातो. चांगल्या दुभाष्यापाशींहि "निरीक्षणांबरोबर त्यांचीं लक्ष्येंहि आण" असें आधींच सांगण्याची सोय असते. मग दोन तक्ते जोडून एका खेपेंत, किंवा फार तर दोन खेपांत, काम भागतें. कष्ट झांकले गेले म्हणून ते नाहींसे होत नाहींत. यासाठीं भांडाराकडे कोणतें वाक्य गेलें आणि किती वेळां गेलें, हें पाहण्याची खिडकी दुभाष्यानें नेहमीं उघडी ठेवावी.

शेवटची गोष्ट ओळखीची. खोडदच्या मधल्या आवारांतील तबकड्यांचीं नांवें सी-०० पासून सी-१४ पर्यंत आहेत. मोजणारा म्हणेल, तबकड्या १५. वस्तुतः त्या १४ आहेत. सी-०७ या नांवाची तबकडीच नाहीं. दक्षिण बाहूवरहि एस-०४ च्या पुढें एकदम एस-०६ येते. नांवांतील आंकडा ही खूण आहे, मोजदाद नव्हे, हें ज्यानें ओळखलें नाहीं त्याचा कार्यक्रम नसलेल्या तबकडीची वाट पाहात बसेल. शेजारच्या तालुक्याचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. ज्या आंबेगांवावरून तालुक्याला नांव मिळालें, तें जुनें गांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याचें ठाणें घोडेगांवास आहे; नांव मात्र आंबेगांवच राहिलें. आणि "पिंपळगांव" एवढेंच म्हटलें तर जुन्नरमधील पिंपळगांव जोगा समजावें, कीं आंबेगांवमधील पिंपळगांव तर्फे घोडा? म्हणून भांडारांत प्रत्येक नोंदीला अर्थहीन परंतु अढळ असा एक क्रमांक देतात, आणि ओळख त्यावरून ठरवितात. दुभाष्यानेंहि तीच शिस्त पाळावी. एकच नोंद दोन वाटांनीं दोनदां मागितली, तरी एका कामाच्या ओघांत तिची एकच वस्तु हातीं यावी. नाहीं तर एका प्रतींत केलेली दुरुस्ती दुसऱ्या प्रतीला ठाऊक नसते, आणि शेवटीं जी प्रत मागाहून लिहिली जाते तीच खरी ठरून बसते.

असा हा मधला थर. त्याचा आकार मोठा नसतो. चिकाटीच्या विद्यार्थ्याला त्याचें साधें रूप थोड्या दिवसांत बांधतां येईल, आणि तयार दुभाष्या वापरणाऱ्यानेंहि तें एकदां बांधून पाहावें. कारण मग त्याला कळतें, कीं आपल्या सोप्या वाक्याच्या पाठीमागें कोणतें वाक्य भांडाराकडे जात आहे. सूची पुरी झाल्यावर विद्यार्थ्यानें एक परीक्षा अवश्य घ्यावी. आपल्याला ठाऊक असलेलीं दहा निरीक्षणें हातानें कागदावर लिहावीं, त्यांत एक रकाना मुद्दाम रिकामा ठेवावा, एका लक्ष्याचें नांव बर्नार्ड्स स्टार असावें, आणि मग प्रश्न विचारून दहाच्या दहा जागच्या जागीं येतात कीं नाहीं हें मोजावें. दहा नोंदींच्या बाबतींत जो थर प्रामाणिक ठरला नाहीं, त्याच्या हवालीं लाखो नोंदी करूं नयेत.