पावसानें घडविलेलें घर



चिपळूण तालुक्यांतील अलोरे हें आमचें गांव. कोयना प्रकल्पाची वसाहत येथें झाली तेव्हांपासून गांवांत घरांच्या दोन तऱ्हा शेजारीं शेजारीं नांदत आल्या: वसाहतींतील सिमेंटच्या इमारती आणि जांभ्या दगडाचीं जुनीं घरें. आमचें घर दुसऱ्या तऱ्हेचें. तें पाडावें, असा मुलांचा आग्रह आहे. म्हणून हा विषय मला केवळ इतिहासाचा वाटत नाहीं.

जांभा हा मोठा गुणी दगड. खाणींत तो इतका मऊ असतो कीं, टिकावानें त्याचे चिरे पाडतां येतात. पुढें हवा लागली म्हणजे तो कठीण होतो. त्या चिऱ्यांच्या भिंतींवर उतरतें छप्पर. येथें एका पावसाळ्यांत तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्याला माथ्यावर क्षणभरही थारा द्यावयाचा नाहीं, हें त्या छपराचें सूत्र. पूर्वीं त्यावर गवत किंवा नळीचीं कौलें असत. १८६५ सालीं बेसल मिशननें मंगळुरास कारखाना काढला आणि कालांतरानें तेथील चपटीं कौलें कोंकणांतील घरांवर चढलीं. पागोळ्या भिंतीपासून दूर पडाव्या, म्हणून छप्पर पुढें ओढून त्याखालीं पडवी काढीत. तिच्यामागें ओटी, त्यामागें माजघर.

परंतु नुसते गोडवे गाणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे भूकंप झाला. कोयनानगरच्या परिसरांत दगडमातीच्या भिंती कोसळल्या व माणसें झोपेंतच दगावलीं. त्या भयानें कोणी सिमेंटची गच्ची घातली, तर त्याला नांवें कोण ठेवील? मात्र तिच्यावर पाणी सांचतें, ती गळूं लागते आणि शेवटीं वर लोखंडी कैच्या उभारून पत्रे घालावे लागतात. म्हणजे जो उतार आपण मोडला, तोच पाऊस आपल्याकडून पुन्हां करवून घेतो!

तेव्हां भिंती अवश्य सुधाराव्या. त्या मातींत न रचतां सिमेंटांत बांधाव्या, कोपरे जखडावे, दारांच्या माथ्यावरून काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवावा. पण छपराचा उतार आणि पडवी सोडूं नये.

मुलांना मीं एवढेंच सांगितलें आहे कीं, एक पावसाळा या पडवींत बसून पाहा. पाणी कोठून येतें, कोठें जातें, हें नीट ध्यानांत घ्या. पाडावयाचें कीं नाहीं, तें मग ठरवूं.