गाडीखालची चिमणी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला "तुझ्या धंद्याबद्दल बोल" असं सांगितलं. आपल्या बॅचमधले डॉक्टर, प्राध्यापक, तहसीलदार बोलून गेले. त्यांच्यानंतर ग्रीस लागलेल्या हातात माइक आला आहे, तेव्हा भाषा थोडी गॅरेजची राहील. सरांनी सांभाळून घ्यावं.

दहावीनंतर मी आयटीआय केलं, पुण्याला गेलो आणि गेली तीस वर्षं मोटारी दुरुस्त करतो. गेल्या काही वर्षांत जुन्या पण दमदार गाड्या हौसेनं सांभाळणारी पोरं माझ्याकडे जास्त येतात. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही फायबरच्या बॉडीची दोन आसनी गाडी फार थोड्यांनी पाहिली असेल. पण २००१ साली आलेली फियाट पालिओ, त्यातही तिचं १६०० सीसीचं, शंभर हॉर्सपॉवरचं मॉडेल पुष्कळांना आठवत असेल. अशा गाड्यांचे मालक गाडीवर जीव लावतात. आणि त्यातले निम्मे पहिल्याच भेटीत म्हणतात, "काका, कॅटकॉन काढून टाका. गाडी मोकळी होईल."

कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये बसवलेला डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची वीट असते, तिला हजारो बारीक छिद्रं. त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. विज्ञानाच्या तासाला सरांनी उत्प्रेरक शिकवला होता: स्वतः न बदलता दुसऱ्याची रासायनिक क्रिया घडवून आणणारा. परीक्षेपुरतं पाठ केलेलं ते वाक्य आज माझं पोट भरतं. धूर साधारण तीनशे अंशांच्या वर तापला की या डब्यात विषारी कार्बन मोनॉक्साइडचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेल्या पेट्रोलचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं, आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडचा परत साधा नायट्रोजन होतो.

आपल्याकडे हा डबा आला त्याची गोष्ट आपल्या पिढीची आहे. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना तो सक्तीचा झाला. शिसं लागलं की हा डबा निकामी होतो, म्हणून तिथे बिनशिशाचं पेट्रोलही आणावं लागलं. ते देशभर व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडलं. मधली पाच वर्षं मुंबईची हवा वेगळी आणि आपल्या बीड जिल्ह्याची वेगळी, असाच त्याचा अर्थ होता. आपली लेकरं मोठी होईपर्यंत तो फरक मिटला. आता पोरं तो डबा स्वतःच्या पैशानं काढायला निघाली आहेत.

मागच्या वर्षी आपल्याच भागातला एक मुलगा पालिओ घेऊन आला. एमएच ४४ पासिंग बघूनच मी चहा मागवला. तक्रार अशी, की तीन हजार आरपीएमच्या वर गाडी ओढत नाही. कुणीतरी सांगितलेलं, कॅटकॉन चोक झालाय, काढून सरळ पाइप टाक.

मी डब्याच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढला, त्या जागी प्रेशर गेज लावला आणि इंजिन चढवलं. काटा व्हायला नको तेवढा वर गेला. म्हणजे डबा खरोखर चोक होता. पोरगा खूश. मी विचारलं, "पण तो चोक का झाला?" हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

तपासलं तर एका सिलेंडरला ठिणगीच नीट मिळत नव्हती. वीस वर्षांची गाडी, कॉइल थकलेली. त्या सिलेंडरचं पेट्रोल न जळता पुढे जायचं आणि तापलेल्या डब्यात जाऊन पेटायचं. त्या उष्णतेनं आतली वीट वितळून गोळा झाली होती. डबा रोगी नव्हता, रोगाचं लक्षण होता. नुसता पाइप टाकला असता तर गाडी पळाली असती, पण पेट्रोल फुकट जात राहिलं असतं आणि इंजिन आतून खराब होत राहिलं असतं.

दुसऱ्या भागांचंही तसंच. ईजीआर व्हॉल्व्ह बंद केला की जळण्याची उष्णता वाढते, इंजिन ठोके देऊ शकतं. टाकीची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा काढला की गाडीत पेट्रोलचा वास येतो. क्रँककेसमधला वायू परत इंजिनात नेणारी नळी काढून नुसती बंद केली की दाब वाढून सील ऑइल सोडायला लागतात. इंजिन बनवणाऱ्यानं हे सगळं एकमेकांचा हिशेब धरून बसवलेलं असतं.

आता खरं तेही सांगतो. चांगला डबा काढला तरी ताकद थोडी वाढते. शून्य म्हणणार नाही. पण शंभर हॉर्सपॉवरच्या गाडीत ती वाढ दोन-चारची, आणि तीही वरच्या आरपीएमला. परळी ते अंबाजोगाई घाटात ती कुणाला कळणार नाही. आवाज मात्र सगळ्या गल्लीला कळतो. पुष्कळांना ताकद नको असते, आवाज हवा असतो.

त्या मुलाला मी सांगितलं, कॉइल, प्लग आणि नवा कन्व्हर्टर घालू. काढण्यापेक्षा खर्च कितीतरी जास्त होता. इथे आमच्या धंद्यातला मोह समजून घ्या. काढलेला डबा भंगारवाला आतल्या धातूसाठी चांगल्या भावानं घेतो; म्हणूनच मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात चोरीला गेल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. म्हणजे काढायची मजुरी मिळते, वर डब्याचे पैसे. नाही म्हटलं तर दोन्ही जातात, आणि गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजला जातं. माझी अशी गिऱ्हाइकं जातात. हा मुलगा दोन दिवस विचार करून थांबला. गाडी शेवटपर्यंत ओढायला लागली तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

कायदाही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेली मूळ रचना परवानगीशिवाय बदलता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि पंधरा वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला गाडी आरटीओपुढे उभी करावीच लागते. जुन्या गाडीवर प्रेम असेल तर तिचे मूळ भाग जपा. काढलात तरी फेकू नका, विकू नका. पुढे ते मिळत नाहीत.

पण मी तुम्हाला दंडाच्या भीतीवर सोडणार नाही. आपण सगळे थर्मलच्या चिमण्या बघत वाढलो. वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील तिथे नोकरीला होते. दगडी कोळसा जाळणाऱ्या केंद्रात चिमणीच्या आधी एक यंत्र असतं, इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर. उच्च दाबाच्या विजेनं राखेचे कण पत्र्यांना चिकटवायचे, हातोड्यांनी झाडून खाली पाडायचे. त्याला वीज लागते, देखभाल लागते. उद्या कुठल्याही केंद्रानं म्हटलं, की हे यंत्र काढतो, तेवढीच वीज जास्त विकता येईल, तर परळीकर काय करतील? मोर्चा काढतील, आणि बरोबर करतील. मग तोच हिशेब आपल्या गाडीखालच्या चिमणीला का नको? ती चिमणी आकाशात नाही, शाळेतून सुटलेल्या लेकरांच्या तोंडाच्या उंचीवर आहे.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीनं धरतो. म्हणून एवढं ऐका: बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवू नका, डबा असला तरी नाही. थंड इंजिनात तो कामच करत नाही.

मुलांनो, गाडीची हौस जरूर करा. टायर चांगले घाला, ब्रेक चांगले करा, इंजिन ट्यून करा, नीट चालवायला शिका. पीयूसी घ्याल तेव्हा गाडी मशीनसमोर उभी करून घ्या, नुसता कागद नको. आणि कुणी "हे काढून टाक" म्हटलं, की आधी विचारा, "हे बसवलं कशासाठी होतं?" हा प्रश्न आम्हाला याच शाळेत बाकावर बसून विचारायला शिकवला.

तो शिकवणारे गुरुजन इथे बसले आहेत. त्यांना नमस्कार करतो आणि थांबतो.