प्लगइन बदलण्याआधी

बडोद्यात असा, इंदूरला असा की बंगळुरूला, फ्लॅटमध्ये रात्री दहानंतर ट्यूब अँप मोठ्यानं वाजवता येत नाही, ही अडचण सगळ्यांची सारखीच. म्हणून आपण लॅपटॉपवरचं अँप सिम्युलेशन वापरतो. आणि टोन जमला नाही की लगेच नवं प्लगइन विकत घेतो. माझा अनुभव असा, की दोष बहुतेक वेळा अँपच्या मॉडेलमध्ये नसतोच. तो त्याच्या आधी असतो, नाहीतर नंतर.

आधी म्हणजे इनपुट. इंटरफेसवर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ असं लिहिलेलं बटण दाबा. या इनपुटचा इम्पीडन्स साधारण १ मेगाओम असतो. लाइन इनपुटचा खूपच कमी, त्यामुळे पिकअपवर भार येतो आणि ट्रेबल दबतो. गिटार गोधडीखाली वाजतेय असं वाटतं. मग सगळ्यात जोरात स्ट्रम करा. लाल दिवा लागला तर इनपुट गेन कमी करा. इथे फाटलेला आवाज पुढे कुठलंच प्लगइन शिवून देत नाही.

नंतर म्हणजे कॅबिनेट. गिटारचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्‌झच्या वरचं फारसं वाजवत नाही. डिस्टॉर्शनची कर्कश धार तोच गाळतो. कॅब बंद करून ऐका, डब्यात कोंडलेल्या गांधीलमाश्या! आयआर, म्हणजे इम्पल्स रिस्पॉन्स, ही स्पीकर आणि त्याच्यासमोरचा माइक या दोघांची मिळून घेतलेली छाप. माइक स्पीकरच्या मध्यावर असेल तर आवाज चमकदार येतो, कडेला सरकवला की मऊ होतो. ट्रेबलच्या नॉबला हात लावण्याआधी माइक सरकवा, किंवा आयआर बदला.

आता गेन. कॉर्डमधला प्रत्येक सूर वेगळा ऐकू येईपर्यंत तो खाली आणा. जाडी हवी असेल तर तोच रिफ दोनदा वाजवून रेकॉर्ड करा, एक ट्रॅक डावीकडे, एक उजवीकडे.

दोन टोनची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवा. कानाला मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, आणि आपण फसतो.

हे सगळं फुकटात करून बघता येतं. न्यूरल अँप मॉडेलर हे ओपन सोर्स प्लगइन आहे. त्यात एकच अँप घ्या आणि आठवडाभर फक्त आयआर बदलत राहा. पैसे खर्च करायचे की नाही, ते मग तुमचे कानच सांगतील.

भेटू पुढच्या भागात.