व्हॉल्वचे प्रीअँप्लिफायर : निवड कशी करावी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या एका स्नेह्याने वडिलांच्या वेळचा अमेरिकन बनावटीचा व्हॉल्वचा प्रीअँप्लिफायर विकायला काढला. गिऱ्हाईक ठरले, विसाराचे पैसेही हातात पडले. त्याच्या जागी काही लाख रुपये मोजून नवा, तोही व्हॉल्वचाच, घ्यायचा बेत होता. आणि श्रोतेहो, हा सगळा व्यवहार ठरला होता माझ्या शब्दावर! दोन्ही यंत्रे शेजारी शेजारी ठेवून मी ऐकली होती आणि "नवा निःसंशय सरस" असा निकाल देऊन मोकळा झालो होतो. तो निकाल चुकला. कसा चुकला ते पुढे सांगतोच. पण त्यासाठी आधी या यंत्राचे काम काय, ते पाहायला हवे.

तबकडीच्या खाचेतून सुई फिरते तेव्हा कार्ट्रिजमधून जी वीज निघते ती फारच थोडी असते. नेहमीच्या, चुंबक हलणाऱ्या कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा दोनशेवा भाग. ज्यात चुंबकाऐवजी तारेचे वेटोळे हलते, त्यातून त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी किंवा त्याहूनही कमी. आणि स्पीकर हलवणाऱ्या पॉवर अँप्लिफायरला तर एक-दोन व्होल्ट हवे असतात. ही मधली दरी भरून काढणे हे प्रीअँपचे पहिले काम. दुसरे काम त्याहून नाजूक. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले आणि तार स्वर मुद्दाम वाढवलेले असतात. खर्ज जसाच्या तसा कोरला तर खाच इतकी रुंद होईल की तबकडीवर गाणे मावायचे नाही. आणि तार स्वर वाढवले नाहीत तर ते घर्षणाच्या खरखरीत बुडून जातील. ऐकताना हे सगळे बरोबर उलटे करावे लागते. मधल्या १००० हर्ट्झच्या स्वराच्या मानाने ५० हर्ट्झचा स्वर सुमारे सातपट वाढवायचा आणि १० हजार हर्ट्झचा सुमारे एकपंचमांशावर आणायचा. १९५४ च्या सुमारास हे प्रमाण सर्वत्र एक ठरले, त्याला 'आर.आय.ए.ए.' म्हणतात.

आता व्हॉल्व. काचेच्या निर्वात नळीत एक तापलेला कॅथोड, भोवती तारेची जाळी म्हणजे ग्रिड आणि पलीकडे प्लेट. ग्रिडवर किंचित वीज हलली की प्लेटकडे जाणारा मोठा प्रवाह तिच्या तालावर हलतो. सगळे मर्म इतकेच. ईसीसी ८३ या व्हॉल्वचा, ज्याला अमेरिकेत १२एएक्स७ म्हणतात, वर्धनांक १००. ईसीसी ८८ चा ३३. तर जुन्या ६एसएन७ चा २० च्या आसपास. म्हणून तबकडीच्या बारीक आवाजासाठी बहुधा ईसीसी ८३ घेतात, आणि ज्याला दोन व्होल्ट देणाऱ्या सीडी यंत्राचेच काम आहे त्याला कमी वर्धनाचा व्हॉल्व पुरतो. वर्धन जितके जास्त तितकी व्हॉल्वची फुसफुसही जास्त ऐकू येते, हे लक्षात ठेवा.

नावाजलेल्या यंत्रांकडे वळू. पहिली जोडी अमेरिकेतली. सॉल मॅरँट्झ यांच्या कारखान्याचा 'मॉडेल ७' हा १९५८ चा, आणि मॅकिंटॉशचा 'सी २२' हा १९६३ चा. दोघांतही सहा-सहा ईसीसी ८३. दोघांतही खर्ज आणि तार कमीजास्त करण्याची बटणे. दोघांतही 'फीडबॅक' वापरलेला. म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून पुन्हा आत घ्यायचा आणि यंत्राची चूक यंत्राकडूनच दुरुस्त करून घ्यायची. दोघेही इतके मानले गेले की पुढे, १९९० नंतर, त्यांच्या नव्या आवृत्त्या निघाल्या.

दुसरे घराणे मिनियापोलिसचे. ट्रान्झिस्टरने व्हॉल्वला बाजारातून जवळजवळ हुसकून लावले होते, त्या १९७० साली विल्यम जॉन्सन यांनी 'ऑडिओ रिसर्च' ही कंपनी काढली आणि व्हॉल्वचीच कास धरली. त्यांची अलीकडची 'रेफरन्स' मालिका पाहा. खर्ज-तारेची बटणे नाहीत, तबकडीचा विभाग नाही. तो वेगळ्या पेटीत घ्यायचा. वाट सरळ ठेवायची आणि मध्ये कोणाला बसू द्यायचे नाही, हे त्यांचे धोरण.

तिसरे घराणे 'कॉनरॅड-जॉन्सन'. १९७७ साली हे काढणारे दोघेही मुळात अर्थशास्त्रज्ञ! यांच्या बऱ्याच प्रीअँपमधून बाहेर पडताना ध्वनीची कला उलटते, म्हणजे धनाचे ऋण होते. त्यावर उपाय म्हणून स्पीकरच्या दोन तारांची अदलाबदल करावी लागते. तेवढे न करता कोणी तुलना करू लागला, तर दोन यंत्रे एकाच अटीवर ऐकली असे म्हणता येणार नाही.

मग यांत श्रेष्ठ कोण? थांबा. आपल्याकडच्या घरात आणखी एक प्रश्न असतो, तो आधी विचारू. तुमच्या कपाटात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आहेत का? अब्दुल करीम खाँ, बालगंधर्व, केसरबाई यांचे गाणे ज्यांच्या घरी त्या जुन्या तबकड्यांवर आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की त्या १९५४ च्या पुष्कळ आधीच्या आहेत. त्यांच्यावर तार स्वर बहुधा वाढवून कोरलेले नसत. त्यांना आजच्या प्रमाणाने वाजवले की जे वाढवलेलेच नव्हते ते उगाच दाबले जाते, आणि गवई गोधडीआडून गातो आहे असे वाटते. 'मॉडेल ७' वर यासाठी जुन्या तबकड्यांची वेगळी खूण असलेले बटण आहे. नव्या, सरळ वाटेच्या यंत्रांत हे बटण बहुधा सापडत नाही. शिवाय सुईही वेगळी लागते. ७८ ची खाच लाँगप्लेच्या खाचेहून बरीच रुंद असते.

आता माझ्या चुकीकडे येतो. त्या रविवारी आम्ही दोन्ही यंत्रांची आवाजाची बटणे एकाच आकड्यावर ठेवली आणि एकच तबकडी आलटून पालटून ऐकली. नव्यात तानपुरा भरदार, तबल्याचा डग्गा खोल. जुना त्यापुढे पोकळ. मी निकाल दिला. आठवडाभराने पुन्हा गेलो तेव्हा मी पुन्हा तीच तारीफ करीत होतो, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, नवा मोठ्याने वाजतोय हो. जुन्याचा आवाज तेवढा करून पाहिलात का?"

नव्हता पाहिला! व्होल्टमीटर आणला. १००० हर्ट्झच्या एकसुरी आवाजावर, बटण त्याच आकड्यावर असताना, जुना २ व्होल्ट देत होता आणि नवा २.४. हा फरक दीड डेसिबलचा. इतक्या फरकाने 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. इथेच सारी मेख आहे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवले होते की आवाज लहान झाला की आपला कान खर्ज आधी गमावतो. म्हणजे जो मोठा, तोच भरदार.

आवाज सारखे केले. फरक पुष्कळ मिटला, तरी जुन्यात खर्ज थोडा कमीच. त्याचेही कारण सापडले. व्हॉल्वच्या प्रीअँपच्या तोंडाशी एक कंडेन्सर असतो. तो आणि पुढच्या अँप्लिफायरचा रोध मिळून ठरवतात की खर्ज कुठून गळू लागणार. स्नेह्याचा पॉवर अँप्लिफायर ट्रान्झिस्टरचा, रोध १० हजार ओहम. जुन्या यंत्रातला कंडेन्सर ०.२२ मायक्रोफॅरडचा. हिशेब केला तर खर्ज ७२ हर्ट्झपाशीच ढळू लागतो! तोच रोध १ लाख ओहम असता तर ७ हर्ट्झपर्यंत काही बिघडले नसते. व्हॉल्वचा एक पॉवर अँप्लिफायर उसना आणून जोडला, आणि डग्गा जागेवर आला. दोष यंत्रात नव्हता, आम्ही जुळवलेल्या सोयरिकीत होता.

नंतर पडद्याआड यंत्रे ठेवून, कोणते चालू आहे ते न सांगता, तिघांनी ऐकले. नव्याची फुसफुस खरोखरच कमी. हा त्याचा मोठेपणा मान्य करायलाच हवा. बाकी आवाजात कोणता कोणता, हे आम्हांला खात्रीने सांगता येईना. आणि ७८ चे बटण होते फक्त जुन्यात. स्नेह्याच्या वडिलांच्या तबकड्यांत निम्म्याहून अधिक ७८ च्याच. त्याने विसाराचे पैसे परत केले. गिऱ्हाईक रागावले, ते रास्तच होते. बोल मात्र माझ्याकडे होता. जुन्या यंत्राचे वाळलेले कंडेन्सर तेवढे एका जाणत्या कारागिराकडून बदलून घेतले.

यावरून जुने तेच सोने असा अर्थ काढू नका. ज्याच्या घरी सीडी आणि लाँगप्लेच आहेत, ज्याला रात्री शांततेत हलक्या आवाजात ऐकायचे आहे, त्याने तो नवाच घ्यावा, असे मी आजही सांगेन. तेव्हा तुम्ही दुकानात जाल तेव्हा इतके करा. आवाज मीटरने मोजून सारखे करा, फरक शेकडा एकापेक्षा जास्त नसावा. पुढच्या अँप्लिफायरचा रोध विचारा. प्रीअँपच्या रोधाच्या दसपट तरी तो असावा. तुमच्याच तबकड्या घेऊन जा. कोणते यंत्र चालू आहे ते न पाहता ऐका. अमेरिकेतून जुने यंत्र आणत असाल तर ते ११७ व्होल्टचे असते; आपल्या २३० व्होल्टवर मधे ट्रान्सफॉर्मर न घालता लावलेत तर पहिले गाणे हेच शेवटचे. पेटी स्वतः उघडू नका. आत अडीच-तीनशे व्होल्ट असतात आणि वीज बंद केल्यावरही कंडेन्सर ते काही काळ धरून ठेवतात. व्हॉल्व मिळतील की नाही याची फारशी काळजी नको. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते बनवायचे केव्हाच सोडले, पण ईसीसी ८३ स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये अजून तयार होतो.

आणि शेवटचे. घरात जो कोणी या वादात पडलेला नाही, त्याला एकदा बोलावून ऐकवा. ज्याला किंमत ठाऊक नाही आणि नावही ठाऊक नाही, त्याचा कान आपल्यापेक्षा मोकळा असतो. मी तो धडा चहाच्या एका कपाबरोबर शिकलो. विसाराचे पैसे मात्र परत करावे लागले माझ्या स्नेह्याला.