शक्तिमान कोरेगावात आला तर कुणाशी लढेल?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लेखी मजकूर. बोलणं शक्यतो जसंच्या तसं ठेवलंय.)

इअरफोन लावून एसटीत बसला असाल, नाहीतर रानात पाणी धरायला गेला असाल, जिथं असाल तिथून ऐका. आज कोरेगावातनंच बोलतोय, मित्राच्या घराच्या गच्चीवर बसून. मागं मधूनच रेल्वेचा भोंगा येईल, तेवढा सांभाळून घ्या.

विषय आमच्या ग्रुपवरच्या भांडणातनं निघालाय. २०२२ च्या फेब्रुवारीत शक्तिमानवर मोठा पिक्चर काढणार अशी घोषणा झाली. तेव्हापासून आमच्या ग्रुपवर एकच वाद चालू आहे : शक्तिमान कोण होणार? एक म्हणतो हा हिरो, दुसरा म्हणतो तो, तिसरा म्हणतो मुकेश खन्ना सोडून कुणीच नको. मीही त्या वादात तासन् तास घातलेत. पण परवा डोक्यात आलं, की आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारतोय. ड्रेस कोण घालणार ते ठरेल कधीतरी. तो लढणार कुणाशी?

जरा मागं जाऊ. शक्तिमान दूरदर्शनवर सुरू झाला १९९७ च्या सप्टेंबरमध्ये आणि २००५ पर्यंत चालला. आमच्या आठवणीतला शक्तिमान म्हणजे रविवार दुपारी बारा वाजता. आमच्या आळीत टीव्ही दोन-तीनच. एक पोरगं कौलावर अँटेना फिरवायला, एक दारात, एक टीव्हीसमोर. ‘आला का?’ ‘न्हाय, मुंग्याच हायत!’ ‘आता?’ ‘आला, आला, हलवू नको!’ आणि नेमकी लाइट गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही त्यावर लावायचा. त्यामुळं शक्तिमानचा ड्रेस लाल-सोनेरी आहे हे मला बरंच उशिरा कळलं. माझ्यासाठी तो करडाच होता.

एक गोष्ट मी आजपर्यंत कुठं बोललो नव्हतो. एका रविवारी एपिसोड संपल्यावर आम्ही कडब्याच्या गंजीवर चढलो. चुलतभावाच्या गळ्यात टॉवेल बांधला आणि मीच त्याला म्हणालो, ‘फिरत फिरत उडी मार, काय होत न्हाय.’ त्यानं मारली. हात मोडला. घरी सगळ्यांनी टीव्हीला शिव्या घातल्या. मी गप्प बसलो, कारण दोष टीव्हीवर चालला होता आणि माझी पाठ वाचत होती. खरंतर एपिसोडच्या शेवटी शक्तिमान स्वतः येऊन पोरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा. तेवढ्यात आम्ही गंजीवर पोचलेलो असायचो.

भाऊ आज त्यावर हसतो. पण मला त्यातनं एक कळलं. आम्ही शक्तिमानची फक्त गिरकी उचलली. तो कशासाठी फिरतो, ते आमच्या डोक्यातच शिरलं नव्हतं. आणि मंडळी, आजचे बरेच सुपरहिरो पिक्चर काढणारेसुद्धा तेच करतात. गिरकी उचलतात. टॉवेल महाग असतो, एवढाच फरक.

आता मूळ सुपरमॅनकडं बघा. १९३८ साली तो अमेरिकेतल्या कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला. काढणारी दोन तरुण पोरं, जेरी सीगल आणि जो शूस्टर, दोघंही बाहेरून आलेल्या ज्यू कुटुंबांतली. त्या पहिल्या अंकात सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसाशी लढत नाही. तो एका निरपराध बाईचा मृत्युदंड थांबवतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि भ्रष्ट राजकारण्याच्या मागं लागतो. म्हणजे त्या पोरांना आजूबाजूला जे दिसत होतं, ज्याच्यापुढं त्यांचं काही चालत नव्हतं, त्याच्याशी त्यांनी आपल्या माणसाला लढायला लावलं. ग्रह फोडणं वगैरे नंतर आलं.

हेच आपल्या महाराष्ट्रात कुणी केलं माहितीये? मालेगावनं! नाशिक जिल्ह्यातलं यंत्रमागाचं गाव. तिथं नासिर शेख नावाच्या माणसाचं व्हिडिओ पार्लर होतं. त्यानं आधी ‘मालेगाव के शोले’ काढला, मग म्हणाला, आता सुपरमॅन. पैसे नाहीत, स्टुडिओ नाही. हिरो कोण? शफीक, यंत्रमागावर काम करणारा, अंगानं काडी. सुपरमॅन उडवायला क्रेन नव्हती, म्हणून शफीकला आडव्या खांबावर बांधून गाडीपुढं धरायचे. फैझा अहमद खान यांनी या सगळ्या खटाटोपावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ ही डॉक्युमेंटरी केली. ती बघताना पोट धरून हसाल. पण हसता हसता एक लक्षात येतं. मालेगावचा सुपरमॅन लढतो तंबाखूशी आणि गावातल्या घाणीशी. म्हणजे नासिरभाईनं ते १९३८ चं कॉमिक वाचलं असो वा नसो, तो बरोब्बर तिथंच पोचला. आपल्या दारात काय कुजतंय, ते बघून त्यानं हिरोला तिकडं पाठवलं.

शफीक कॅन्सरनं गेला. डॉक्युमेंटरी २०१२ साली थिएटरात लागली, तेव्हा तो नव्हता. २०२५ च्या फेब्रुवारीत रीमा कागतींचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ आला, त्यात शफीकची भूमिका शशांक अरोरानं केलीय. थिएटरात आमच्या शेजारी बसलेला माणूस शेवटी मोबाइलच्या उजेडात डोळे पुसत होता. मीही पुसत होतो, उगाच लपवत नाही. पिक्चरचं बजेट विसरून जातो राव माणूस. अंगाला न बसणारा ड्रेस घालून खांबाला लटकलेला एक कामगार लक्षात राहतो.

आता कुणी म्हणेल, हे सगळं गरिबीचं कौतुक झालं. तसं नाही. ‘मिन्नल मुरली’ घ्या. २०२१ च्या नाताळात नेटफ्लिक्सवर आला, मल्याळम, बासिल जोसेफचा. हिरो गावातला टेलर. त्याच्यावर वीज पडते आणि ताकद येते. पण तीच वीज गावातल्या आणखी एका माणसावर पडते, ज्याला सगळ्यांनी वेडा ठरवून बाजूला टाकलंय. तो व्हिलन होतो, आणि त्याला व्हिलन कुणी केलं, हे बघताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. इथं पैसा आहे, इफेक्ट चांगले आहेत, आणि तरी भांडण गावातलंच आहे.

मराठीत? मराठीत ‘बाजी’ आला होता २०१५ साली, श्रेयस तळपदेचा, मुखवटा घालून घोड्यावर. प्रयत्न केला त्याबद्दल मी टोपी काढतो. पण माझ्या मनात जास्त बसला ‘फास्टर फेणे’. त्याच्याकडं कसलीच दैवी ताकद नाही, तरी मी त्याला सुपरहिरोच्याच रांगेत बसवतो. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे म्हणजे फुरसुंगीचं शाळकरी पोरगं. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा मराठी पोरांपर्यंत आणणारे ते हेच भागवत. १९८७ साली दूरदर्शनवर सुमीत राघवन फेणे झाला होता. २०१७ साली अमेय वाघचा पिक्चर आला. तेव्हा पुस्तकवेडे लोक रागावले, की आमचा शाळकरी बन्या एवढा मोठा कसा केला? मलाही आधी तसंच वाटलं. पण बघा, पिक्चरमधला फेणे पुण्यात येतो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, आणि भिडतो प्रवेशाचा बाजार मांडणाऱ्या टोळीशी. ज्या घरात बारावीचं पोरगं आहे, त्या घराला विचारा हा व्हिलन खरा आहे की खोटा. वय बदललं, मोबाइल आला, पण चुकीचं दिसलं की नाक खुपसायची बन्याची खोड तशीच राहिली. माझ्या लेखी ते रूपांतर पास.

म्हणून जुन्या मालिकांच्या आठवणीत रमताना मला थोडी भीतीपण वाटते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं शक्तिमान परत दाखवला. मी भाच्याला घेऊन बसलो. मला वाटलं, इफेक्ट बघून हसेल. तो हसलाच. पण मग त्यानं विचारलं, ‘मामा, ह्यो किल्विष नेमका करतो काय?’ मी म्हणालो, ‘अंधार पसरवतो.’ ‘म्हणजे लाइट घालवतो?’

मी गप्प. लहानपणी मला हा प्रश्न पडलाच नव्हता. रविवारी बारा वाजता लाइट घालवणारा तो किल्विषच, अशी माझी पक्की समजूत होती! पण आजच्या पोराला ‘अंधार’ म्हणजे काय, ते नव्यानं दाखवावं लागणार. नव्या पिक्चरात किल्विष नुसता काळ्या धुरातनं येऊन हसला, तर माझा भाचा पाच मिनिटांत रील बघायला लागेल. आणि चूक त्याची नसेल.

इथनं गच्चीवरनं सातारच्या बाजूला जरंडेश्वरचा डोंगर दिसतोय. आपल्याकडं सांगतात, मारुतीराया द्रोणागिरी घेऊन उडत चालला होता, तेव्हा एक तुकडा इथं पडला, तोच हा डोंगर. आजी सांगायची तेव्हा मला उडण्याचंच अप्रूप. आता वाटतं, गोष्टीतला जीव उडण्यात नाही. एक माणूस बेशुद्ध पडलाय, सकाळच्या आत औषध पोचवायचंय, म्हणून तो उडतोय. आणि आपल्या लोकांनी त्या गोष्टीचा एक तुकडा स्वतःच्या गावात पाडून घेतला! याच्यापेक्षा चांगलं रूपांतर कुणी केलंय का सांगा.

तर मंडळी, शक्तिमान कोण होणार, ते सोडा. मला हे सांगा : तो तुमच्या गावात आला, तर पहिल्या एपिसोडमध्ये कुणाशी लढेल? माझं उत्तर तयार आहे. गळीत हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं ना दिवा, ना रिफ्लेक्टर. दुचाकीवरनं येणाऱ्याला दिसतच नाहीत. हाच तो अंधार, भाच्या. शक्तिमाननं एका रात्रीत फिरत फिरत सगळ्या ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावावेत. एपिसोडच्या शेवटी तो आपल्याकडं बघून म्हणेल, की मुलांनो, हे काम तुम्हीपण करू शकता. आणि ते खरं असेल, कारण रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवायला उडता यावं लागत नाही.

तुमची उत्तरं व्हॉइस नोट करून पाठवा, एक मिनिटाच्या आत. चांगली असतील ती पुढच्या भागात वाजवू. आणि गंजीवरनं उडी मारू नका.

चला, भेटू पुढच्या भागात. राम राम!