मनीचे घमेले

मी महाविद्यालयात शिकवतो, आणि आज बोलणार आहे ते मांजराला घरात शौचाची जागा कशी शिकवावी यावर. विषय ऐकून कोणाला हसू आले असेल तर खुशाल हसावे. आमच्या घरीही आधी हसणेच झाले. पुढे मात्र याच विषयावरून आईने दोन दिवस माझ्याशी बोलणे टाकले.

आमचे घर किन्हवलीला. शहापूर-मुरबाडचा हा सारा भाताचा मुलूख. भात घरात आले की मागोमाग उंदीर आलाच; म्हणून आमच्याकडे मांजर हे लाडाचे नव्हे, कामाचे जनावर. आमची मनी तशीच. रात्री कणगीपाशी राखण करायची, दिवसा उंडारायची, आणि आपला विधी परसात केळीच्या बुडाशी माती उकरून उरकायची.

गेल्या आषाढात कुत्र्यांनी तिचा मागचा पाय फाडला. जनावरांच्या डॉक्टरांनी टाके घातले आणि बजावले, "महिनाभर हिला बाहेर सोडू नका." नेमकी त्याच वेळी माझी धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आलेली, सातवा महिना. पहिल्या रात्री मनीने चुलीतल्या राखेत घाण केली. दुसऱ्या रात्री, होणाऱ्या बाळासाठी शिवून ठेवलेल्या दुपट्यांवर. आई म्हणाली, "हिला पोत्यात घाल आणि नदीपलीकडे सोडून ये. घरात पोटुशी पोर आहे." शेजारच्या आजींनी दुजोरा दिला, "मांजराची घाण पोटातल्या पोराला बाधते रे बाबा!"

मी शिकलेला माणूस. ही समजूत उडवून लावण्याच्या बेतात होतो. पण बहिणीला तपासायला नेले तेव्हा डॉक्टरांना विचारले, आणि कळले की आजी अगदीच चुकीचे बोलत नव्हत्या. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परोपजीवी आहे. गरोदरपणात त्याची प्रथमच लागण झाली तर गर्भाला इजा होऊ शकते. मात्र प्रत्येक मांजराच्या विष्ठेत तो नसतो; मांजराला पहिल्यांदा लागण झाली की साधारण एक ते तीन आठवडे तो विष्ठेतून बाहेर पडतो. आणि पडल्या पडल्या बाधत नाही. तो बाधक व्हायला निदान एक दिवस लागतो. शिवाय अर्धकच्चे मांस, न धुतलेली भाजी आणि बागेतली माती यांतूनही तो पोटात जातो.

म्हणजे पाहा, मनीला हाकलून धोका टळत नव्हता. तिने परसातल्या भाजीत घाण केली तर ती कोणाला दिसणार? उलट तिने एका ठरलेल्या जागी विधी केला आणि तो रोजच्या रोज उचलला, तर काळजी कमी. फक्त उचलणारी व्यक्ती गरोदर नको, आणि नंतर हात साबणाने धुवायला हवेत. मी आईला म्हटले, "हे काम माझ्याकडे." आई म्हणाली, "बघू, मास्तरकी किती चालते ते!"

मास्तरकी पहिल्याच दिवशी फसली. बाजारातून प्लॅस्टिकचे नवे पसरट भांडे आणले, सुताराकडचा भुसा भरला आणि स्वयंपाकघरात तिच्या दुधाच्या वाटीशेजारी ठेवले. मनीने हुंगले आणि पाठ फिरवली. संध्याकाळी कोपऱ्यात घाण दिसली तेव्हा मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिला फटका दिला. मग ती कॉटखाली लपली आणि पुढचा विधी तिथेच झाला. आई म्हणाली, "तुझ्या वर्गातली पोरंही तुला अशीच भीत असतील." ते मात्र लागले.

रात्री विचार केला. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे अध्यापनाचे सूत्र शिक्षकबंधूंना मी सांगायला नको. मनीला ज्ञात काय? माती. मांजराचे पूर्वज म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातले रानमांजर. भुसभुशीत जमीन उकरून विष्ठा पुरणे त्याच्या रक्तातच आहे. आपल्याकडे पावसाळ्यात बाहेर चिखल, घरात कोरडे काय, तर चुलीतली राख! खोडी मनीची नव्हतीच. मी तिला ओळखीची कोरडी जागा दिली नव्हती.

दुसऱ्या दिवशी कमी उंचीच्या काठाचे जुने घमेले घेतले, म्हणजे दुखऱ्या पायाने तिला चढता यावे. केळीच्या बुडाची माती चुलीच्या आचेवर वाळवली आणि तीन बोटे जाडीची भरली. घमेले पडवीच्या शांत कोपऱ्यात ठेवले, जेवणापासून दूर. कारण खाण्याच्या जागी मांजर घाण करत नाही. मनीला त्याच पडवीत ठेवले. खाणे झाले की आणि झोपेतून उठली की तिला उचलून घमेल्यात ठेवायचे, एवढेच. तिसऱ्या दिवशी सकाळी माती उकरल्याचा आवाज आला. मी श्वास रोखून दाराआड उभा! मग रोज मूठभर माती कमी आणि मूठभर भुसा जास्त, असे करत पंधरवड्यात भुसा तिच्या अंगवळणी पडला.

1947 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाच्या तरुणाच्या शेजारणीची हीच अडचण होती. थंडीने वाळू गोठलेली, आणि राख वापरावी तर मांजराच्या पायांनी घरभर काळे ठसे. लोने तिला ओल शोषणारी मुलतानी माती दिली. त्यातूनच पुढे मांजराच्या मातीचा मोठा धंदा उभा राहिला. आपल्याला ती विकत आणायची गरज नाही, पण तत्त्व तेच: कोरडे, भुसभुशीत आणि ओल शोषणारे.

आणखी चार गोष्टी. घमेले रोज दोनदा साफ करावे. घाण साचली की मांजर दुसरी जागा शोधते. चुकलेली जागा साबणाने, मग व्हिनेगरच्या पाण्याने पुसावी, म्हणजे वास राहत नाही. फिनाईल वापरू नये, ते मांजराला विषारी आहे. आणि मांजर वारंवार बसूनही लघवी होत नसेल, विशेषतः बोका, तर तो हट्ट समजू नये. त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्यावे, उशीर झाला तर जिवावर बेतते.

भाद्रपदात बहिणीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. मनीचा पाय बरा झाला, ती पुन्हा परसात जाऊ लागली. मात्र बाहेर पावसाची झड लागली की ती मुकाट पडवीत येते. परवा पहाटे पाहिले, तर आई चुलीपाशी बसून माती वाळवत होती. मला पाहून म्हणाली, "तू काही लक्षात ठेवशील असं वाटलं नाही." मी काही बोललो नाही. वर्तमानपत्राची गुंडाळी तेवढी पुन्हा हाती घेतलेली नाही. घरीही नाही आणि वर्गातही नाही.