वाटा कोणाचा आणि कशाचा?

(पक्षाच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अमेरिकेतील सरकारी शाळांच्या शिक्षकांनी व इतर कर्मचाऱ्यांनी आपल्या आरोग्यविम्याच्या हप्त्याचा भार स्वतः उचलावा काय, हा वाद तिकडे अनेक वर्षे चालू आहे. हा दूरचा प्रश्न मी आपल्यापुढे मांडतो आहे, कारण सार्वजनिक सेवकाला करदात्याविरुद्ध उभे करण्याची जी रीत त्यात दिसते, ती आपल्यालाही अपरिचित नाही.

वाटा मागणाऱ्यांचा युक्तिवाद असा : खाजगी कारखान्यातला कामगार हप्त्याचा काही भाग स्वतः भरतो, मग त्याच्या करातून पगार घेणाऱ्या शिक्षकालाच विमा फुकट का? हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही, कारण तो ऐकणारा बहुधा कामगारच असतो. माझी हरकत 'फुकट' या शब्दाला आहे. १९४२ साली महायुद्धाच्या धामधुमीत तेथील सरकारने वेतनवाढीवर बंधन घातले, परंतु विम्यासारख्या सवलती त्यातून वगळल्या. मालकांनी पगाराऐवजी विमा देऊन माणसे टिकवली. १९५४ च्या प्राप्तिकर कायद्याने मालकाच्या या वर्गणीला करमाफी पक्की केली आणि विमा नोकरीला कायमचा चिकटला. म्हणजे हा विमा हे वेतनच आहे. रोख पगारावर पाणी सोडून मिळवलेले. विम्याच्या भरवशावर कमी पगार पत्करायला लावायचा आणि मग विम्यातही वाटा मागायचा, याला साध्या भाषेत पगारकपात म्हणतात.

एवढे म्हटल्यावर काही मित्र लगेच निष्कर्ष काढतात की, कर्मचाऱ्याने एक डॉलरही देऊ नये. मला ते पटत नाही. आपली कामगार राज्य विमा योजना १९४८ च्या कायद्याने आली, तीही कामगाराची वर्गणी घेतेच. परंतु ती घेण्याची रीत पाहा. जुलै २०१९ पासूनच्या दराने कामगाराने वेतनाचा पाऊण टक्का द्यायचा, मालकाने सव्वातीन टक्के. आणि ज्याची रोजची सरासरी मजुरी १७६ रुपयांपर्यंत आहे, त्याने काहीच द्यायचे नाही. त्या योजनेच्या दवाखान्यांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे, ते आज नको. मुद्दा इतकाच की वर्गणी वेतनाच्या प्रमाणात आहे.

अमेरिकेत मोजमाप बहुधा हप्त्यावर होते. २०२४ साली तेथे नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा वार्षिक हप्ता सरासरी २५,५७२ डॉलर होता आणि त्यात कामगाराचा वाटा ६,२९६ डॉलर. समजा, हाच वाटा शाळेत सर्वांना लावला. वर्षाला २५,००० डॉलर मिळवणाऱ्या स्वयंपाकिणीचा चौथा हिस्सा त्यात जाईल; एक लाख मिळवणाऱ्या मुख्याध्यापकाचे सहा टक्के. कागदावर दोघांचा वाटा अगदी समान!

न्यू जर्सी राज्याचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. २०११ च्या कायद्याने तेथे कर्मचाऱ्यांवर हप्त्याच्या ३ पासून ३५ टक्क्यांपर्यंत वाटा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने लादला. पगारानुसार पायऱ्या होत्या, हे खरे. पण टक्केवारी हप्त्याची होती आणि हप्ता ठरवणे शिक्षकाच्या हाती नव्हते. हप्ता वाढला की वाटा वाढे, आणि पगारवाढ होऊनही हाती येणारी रक्कम घटल्याची तक्रार शिक्षक करीत. २०२० साली नवा कायदा करून शाळा-कर्मचाऱ्यांचा वाटा पगाराच्या टक्केवारीत बांधावा लागला.

वेस्ट व्हर्जिनियात मात्र प्रश्न आणखी खोल गेला. २२ फेब्रुवारी २०१८ रोजी तेथील पंचावन्नही जिल्ह्यांत शाळा बंद पडल्या. शिक्षकांबरोबर बसचालक आणि स्वयंपाकीही बाहेर पडले. कायद्याने संपाची मुभा नसताना. पगारवाढ दोन टक्क्यांची देऊ केली होती आणि विम्याचा बोजा ती गिळून टाकणार होता. शिवाय आरोग्याच्या नावाखाली दररोजच्या हालचालींची नोंद ठेवणारी योजना आणली होती. तीत भाग न घेणाऱ्यास महिना २५ डॉलर जादा! पती-पत्नींचे एकत्र उत्पन्न धरून हप्ता ठरवण्याचाही प्रस्ताव होता. वरवर पाहता हे 'ऐपतीप्रमाणे वर्गणी' या आपल्याच तत्त्वाला धरून आहे. पण ऐपत फक्त पगारदारांमध्येच का शोधायची? संपकऱ्यांनी नेमके हेच विचारले. त्या राज्याच्या भूमीतून नैसर्गिक वायू काढून नेणाऱ्या कंपन्यांवरचा कर वाढवा आणि विमानिधी भरा, अशी त्यांची मागणी होती.

पाच टक्के पगारवाढ जाहीर होऊनही, विम्याचा निकाल लागला नाही आणि विधिमंडळाची मंजुरी नाही, म्हणून ते कामावर परतले नाहीत. अखेर पाच टक्क्यांचा कायदा झाला, हप्ते तात्पुरते गोठवले गेले, विम्याच्या अभ्यासासाठी समिती नेमली गेली आणि ७ मार्चला शाळा उघडू लागल्या. वायूवरचा कर वाढला नाही. २०२३ साली विधिमंडळाने सरकार व कर्मचारी यांच्यात ८० आणि २० टक्क्यांची वाटणी पुन्हा लागू केली. कर्मचाऱ्यांचे हप्ते जवळपास चतुर्थांशाने चढले, आणि स्वतःच्या नोकरीतून विमा मिळू शकत असलेल्या जोडीदाराला राज्याच्या विम्यात ठेवायचे तर वेगळा अधिभार आला. तेथील शिक्षक संघटनांपुढे आज जे काम आहे, ते २०१८ मध्ये अर्धवट राहिलेल्या त्या कराच्या मागणीपासूनच सुरू होते.